दंडाचा टंच

हुपरीत चांदी कोणी नुसत्या नजरेवर घेत नाही. आधी टंच, म्हणजे शुद्धतेची परख, काढायचा, मग वजन, मग भाव. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या या पैंजण-वाळ्यांच्या गावाची ती जुनी सवय. पण त्याच गावातल्या माणसाच्या मोबाईलवर 'नो पार्किंग'चे चलान आले, की तो काहीही न तपासता पैसे भरून मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यायचा? कायद्यानेच कबुलीची वाट सोपी आणि नकाराची अवघड करून ठेवली आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच गुन्हा कबूल करणाऱ्याचे अपील जवळजवळ बंद होते. शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यावरच दाद मागता येई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने पुढची सोय केली. किरकोळ गुन्ह्याच्या समन्सवर लिहिलेले असे, की कोर्टात न येता रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करा आणि रक्कम पाठवा. १९८८ च्या कायद्याच्या कलम २०८ मध्ये मनीऑर्डर आली, कलम २०० ने तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवायची मुभा दिली. कामाचा दिवस बुडवून तारखेला जाण्यापेक्षा हे परवडते, हे खरेच आहे.

तरी नाही म्हणणारे पहिल्यापासून होते. जगातले पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसले आणि महिनाभरातच नॉर्थ नावाचे एक पाद्री मीटरच्या दंडावरून कोर्टात उभे राहिले. मीटरसाठी सुटे पैसे आणायला किराणा दुकानात गेलो होतो, असे त्यांनी सांगितले आणि ते सुटले.

आज हुपरीच्या माणसाला असे उभे राहायचे असेल, तर पहिली अट म्हणजे पैसे भरायचे नाहीत. भरले की प्रकरण मिटते. लोकअदालतीतही तडजोडच होते आणि तिच्या निवाड्यावर अपील नसते. गुन्हा नाकारणाऱ्याची जागा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर.

मग कागद जमवायचे. वाहने कुठे थांबवायची हे १९८८ च्याच कायद्याच्या कलम ११७ नुसार सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायचे असते. तसा आदेश त्या रस्त्यासाठी निघाला होता का, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवस. फलक होता का, झाडाआड होता का, सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर त्या तारखेला कोणती बाजू मोकळी होती, याचे फोटो लगेच काढून ठेवावेत. महिन्याने फलक नवा लागलेला असू शकतो. चांदी पोचवायला गाडी दाराशी थांबवली असेल, तर त्या दिवसाची पावती जपावी.

खरा टंच मात्र समोरच्या पुराव्याचा काढायचा. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत निघाली पाहिजे. आणि फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. त्याबाबतचा मोठा निकाल जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्यासाठी निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण तपासले गेले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण कोर्टात आणले नसेल, तर अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. आमदारकीच्या खटल्यातला हा नियम पाचशे रुपयांच्या चलानातही शांतपणे मागता येतो.

पाचशेचा हा आकडाही पाहण्यासारखा आहे. जुना दंड शंभराचा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी केलेल्या शंभरापर्यंतच्या दंडावर, आणि संक्षिप्त खटल्यात दोनशेपर्यंतच्या, अपीलच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंड पाचशेवर नेला. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रातही वाढीव दंड लागू झाला. तेव्हापासून गुन्हा नाकारूनही पूर्ण दंड झालेल्याला सत्र न्यायालयाचे दार उघडे आहे. त्याच्याही पुढे जायचे, तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. वकिलांच्या दीर्घ लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.