व्यवस्थापकीय लेखाविधीतील संशोधन

उद्योगसंस्थेच्या चालकांना नियोजन, नियंत्रण व निर्णय यांसाठी लागणारी परिव्ययविषयक आणि तत्सम माहिती पुरविणारी लेखाशास्त्राची शाखा म्हणजे व्यवस्थापकीय लेखाविधी होय. भागधारक, धनको व शासन यांच्यासाठी तयार होणाऱ्या वित्तीय लेख्यांहून ती भिन्न असून तिचे स्वरूप सामान्यतः कायद्याने ठरत नाही. या शाखेची बहुतेक जुनी साधने कारखान्यांत जन्माला आली. विद्यापीठीय संशोधन त्यांच्या मागून आले. व्यवहार व संशोधन यांतील हे अंतर हाच या विषयातील प्रमुख वादाचा मुद्दा ठरला आहे.

इंग्लंडमधील चिनी मातीच्या भांड्यांचा उत्पादक जॉसाया वेजवुड याने १७७२ च्या आर्थिक संकटात आपल्या मालाचा परिव्यय बारकाईने काढला. भाडे, साचे इत्यादींवरील खर्च उत्पादन घटले, तरी घटत नाही, हे त्याला त्यातून उमगले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कापडगिरण्या, रेल्वे व पोलाद कारखाने यांनी प्रत्येक प्रक्रियेचा खर्च नियमितपणे मोजण्याच्या पद्धती बसविल्या. १९०३ मध्ये पुनर्घटित झालेल्या ड्यू पाँट कंपनीने आपल्या विभागांचे मूल्यमापन गुंतवणुकीवरील परताव्याच्या आधारे सुरू केले.

जे. मॉरिस क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अप्रत्यक्ष खर्चाचे विवेचन करताना, प्रयोजन बदलले की परिव्ययाची संकल्पनाही बदलते, असे प्रतिपादन केले. अंदाजपत्रकाच्या दडपणामुळे कारखान्यात अविश्वास व गटबाजी वाढू शकते, असे क्रिस आर्जिरिस याने १९५२ मध्ये दाखवून दिले. लेखाविधीकडे सामाजिक व्यवहार म्हणून पाहणाऱ्या या दृष्टिकोनाला अँथनी हॉपवुड याने १९७६ मध्ये स्थापन केलेल्या नियतकालिकामुळे स्थिर व्यासपीठ लाभले.

एच्. टॉमस जॉन्सन व रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९८७ मधील ग्रंथाने मोठी खळबळ उडविली. प्रचलित पद्धतींपैकी जवळजवळ सर्व १९२५ पर्यंत विकसित झाल्या होत्या. पुढे वित्तीय अहवालांच्या गरजा वरचढ ठरल्याने त्यांची उपयुक्तता लोपली, असा त्यांचा दावा होता. यंत्रांमुळे प्रत्यक्ष श्रमाचा वाटा घटला, तरी अप्रत्यक्ष खर्च श्रमतासांच्या प्रमाणातच वाटला जाई. परिणामी मोठ्या प्रमाणावर निघणारा साधा माल महाग, तर थोड्या संख्येने निघणारा गुंतागुंतीचा माल स्वस्त भासे आणि किंमती चुकत. त्यावर उपाय म्हणून कृतींनुसार खर्च वाटणारी परिव्यय पद्धती पुढे आली. कॅप्लन व डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या संतुलित गुणपत्रकात आर्थिक निकषांना ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया व नवोपक्रम यांच्या निकषांची जोड मिळाली.

या इतिहासकथनास आक्षेपही घेतले गेले. कीथ हॉस्किन व रिचर्ड मॅक्व्ह यांनी १९८८ मध्ये अमेरिकी लष्करी शिक्षणातील शिस्तीकडे लक्ष वेधून, परिव्ययमापनाचे मूळ केवळ कार्यक्षमतेत नसून माणसांना उत्तरदायी ठरविण्यातही आहे, असे सुचविले. जेरोल्ड झिमरमन याने २००१ मध्ये, क्षेत्रीय पाहण्या पुष्कळ झाल्या तरी त्यांतून कसोटीस उतरलेले सिद्धांत फारसे निघाले नाहीत, अशी टीका केली. त्यावर अनेक यूरोपीय अभ्यासकांनी अर्थशास्त्र हा एकमेव पाया मानण्यास विरोध दर्शविला.

भारतात या विषयाला वेगळे वळण मिळाले. १९५९ च्या अधिनियमाने परिव्यय लेखापालांच्या व्यवसायास वैधानिक दर्जा मिळाला, तर कंपनी कायद्यातील १९६५ च्या दुरुस्तीने विहित उद्योगांसाठी परिव्ययनोंदी व परिव्यय लेखापरीक्षण यांची तरतूद केली. ही तरतूद २०१३ च्या कंपनी अधिनियमातही कायम आहे. चालकांच्या सोयीसाठी असलेली माहिती येथे अंशतः शासनासाठीही तयार होत असल्याने, अमेरिकी कारखान्यांवरून बांधलेले सिद्धांत येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पर्यावरणाची हानी, रुग्णालयांसारख्या सेवांचा परिव्यय आणि संगणकीय विदेवर आधारित निर्णय ही संशोधनाची पुढील क्षेत्रे होत. मात्र मोजमापाचे नवे तंत्र शोधणे पुरेसे नाही. ते कोणासाठी वापरले जाते व त्यामुळे माणसांचे वर्तन कसे बदलते, हेही तपासावे लागेल. तसे न झाल्यास १९८७ मधील आक्षेप नव्या साधनांनाही लागू पडेल.