दोन खोकी, एक कान

‘स्टिरिओ’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘घन’ किंवा ‘भरीव’ असा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मानखुर्दला आमच्या चाळीत त्याचा अर्थ एकच होता : दोन खोकी. ज्याच्या घरी गाणे एका खोक्यातून येते त्याच्याकडे टेपरेकॉर्डर, आणि ज्याच्या घरी ते दोन खोक्यांतून येते त्याच्याकडे स्टिरिओ. ही व्याख्या शास्त्राला पसंत पडणार नाही; पण आमच्या सबंध मजल्याचा व्यवहार तिच्यावर चालत असे. आमच्या घरी ही दोन खोकी आली ती १९८५ सालच्या दिवाळीत. त्यांची हकीकत सांगायची तर मधूनमधून थोडा जगाचा इतिहासही सांगावा लागेल. तो वाचकांनी फराळाबरोबर गोड मानून घ्यावा.

त्या वेळचे मानखुर्द म्हणजे हार्बर मार्गाचे शेवटचे स्टेशन. व्हीटीहून सुटलेली गाडी कुर्ल्यापुढे वळून चेंबूर, गोवंडी करीत मानखुर्दला येई आणि तिथेच थांबे. पुढे रूळच नव्हते. खाडीवरून मोटारींचा पूल १९७३ साली झाला होता, पण वाशीला लोकल जाऊ लागली ती १९९२ साली. स्टेशनापलीकडे मिठागरे होती आणि वारा फिरला की खाडीचा वास घरात येई. दहा बाय बाराची एक खोली आणि तिच्या मागे स्वयंपाकघर एवढ्यात आम्ही सहा माणसे राहत होतो : आजी, आईवडील, थोरला भाऊ, बहीण आणि मी. संगीतासाठी घरात एक जुना रेडिओ होता. तो मुक्यानेच पडून असे असे नव्हे; परंतु बातम्या अण्णांच्या, श्रुतिका आजीच्या आणि गाणी उरलेल्या वेळात, अशी त्याची वाटणी ठरलेली होती.

अण्णा एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. गाण्याचा त्यांना नाद होता, पण कान मात्र एकच होता. लहानपणी गावी त्यांचा उजवा कान वाहू लागला, घरगुती औषधे झाली, आणि तो कान कायमचा गेला. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचे ते डाव्या बाजूने, जेवायला पंगतीत ते बसणार उजव्या टोकाला, अशा गोष्टी आम्हा मुलांच्या अंगवळणी पडल्या होत्या. त्यात काही वेगळे आहे असे आम्हांला वाटतच नसे.

स्टिरिओचा ध्यास होता तो थोरल्या भावाला. तो आयटीआयला जात होता, आणि त्याच्या बोलण्यात अँप्लिफायर, वॉट, वूफर हे शब्द येऊ लागले होते. बोनस झाला तेव्हा त्याने अण्णांचे मन वळवले. चांगल्या कंपनीचा संच आमच्या आवाक्याबाहेरचा होता. पण लॅमिंग्टन रोडला सुटे भाग जुळवून केलेला ‘असेंबल्ड’ माल निम्म्या किमतीत मिळे. रेडिओच्या भागांचा तो बाजार मुंबईत सर्वांच्या ओळखीचा. त्या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग असे नाव दिलेले आहे. तरी कंडेन्सर घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो.

त्याच रस्त्यावर मिनर्व्हा चित्रपटगृह होते. १९७५ च्या १५ ऑगस्टला तिथे ‘शोले’ लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी हे त्याचे मोठे आकर्षण होते. जय नाणे उडवतो त्या प्रसंगी नाणे पडल्याचा आवाज ऐकून लोक आपापल्या खुर्चीखाली पाहू लागत, अशी आख्यायिका मुंबईत अजून सांगतात. आम्ही तो सिनेमा तिथेच पाहिला. आमच्या रांगेतली दोनचार माणसे खरोखरच वाकली. अण्णांनी आईला विचारले, “काय गं, कुणाचं काय सांडलं?”

हा प्रश्न विनोदाचा वाटला, तरी स्टिरिओचे सगळे मर्म त्यात आले. आवाज कोठून आला हे माणसाला एका कानाने नीट सांगता येत नाही. उजवीकडे कुणी टाळी वाजवली, तर तिचा आवाज उजव्या कानाला आधी आणि किंचित मोठा पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. दोन डोळ्यांमुळे जशी दृश्याला खोली येते, तशी दोन कानांमुळे आवाजाला जागा मिळते.

ही गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या शास्त्राने फार दिवस बाजूला ठेवली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणारी आणि तिचे साथीदार असे सगळे मिळून एका कर्ण्यात गात-वाजवत होते. त्या मुद्रिका छापून आल्या जर्मनीत हॅनोवरला. पण कर्णा एक, सुई एक, खाच एक. सारंगी कुठे बसली होती आणि तबला कुठे होता, हे त्या खाचेला माहीत नव्हते. पुढे १९२५ च्या सुमारास विजेवर मुद्रण होऊ लागले, आवाज स्वच्छ झाला, तरी मैफल एकाच तोंडातून बाहेर पडत राहिली.

नाही म्हणायला, १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर नावाच्या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना ध्वनिग्राहक ठेवून त्यांच्या तारा प्रदर्शनात आणल्या होत्या. श्रोत्याच्या प्रत्येक कानाला वेगळे टेलिफोन-यंत्र लावायचे. नट रंगमंचावर चालू लागला की तो चालताना ऐकू येई! लोक चकित झाले, आणि प्रदर्शन संपल्यावर हळूहळू विसरले.

त्या कल्पनेला पक्के रूप दिले ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने. तो पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला होता, आणि नट पडद्याच्या एका टोकाला असताना त्याचा आवाज भलतीकडून येतो हे त्याला खटकले, असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो ज्या ईएमआय कंपनीत होता ती त्याच साली जन्माला आलेली. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा हे चिन्ह तिच्याच घराण्यातले. १९३५ साली ब्लुमलाइनने प्रयोगासाठी एक बोलपट घेतला. त्यात ना नट ना गाणे. लंडनजवळच्या हेस स्टेशनातून आगगाड्या जातात, एवढेच. पण गाडी पडद्यावर ज्या बाजूला जाई, तिचा आवाजही तिच्या मागोमाग त्या बाजूला जाई. स्टेशनाजवळ आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या बोलपटाचे कौतुक अधिकच वाटते. आमच्याकडे हा खेळ दर गाडीला फुकट होता.

१९४२ च्या जून महिन्यात विमानातील रडारची चाचणी घेत असता विमान कोसळून ब्लुमलाइन मरण पावला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या १९५८ साली, म्हणजे त्याच्यामागे सोळा वर्षांनी.

आता पुन्हा मानखुर्दला येऊ. भाऊ आणि अण्णा दोन खोकी, अँप्लिफायर आणि कॅसेट डेक घेऊन व्हीटीला गाडीत बसले. शेवटचे स्टेशन आपलेच असल्यामुळे उतरायची घाई नव्हती, हा मानखुर्दच्या रहिवाशाचा जन्मसिद्ध फायदा. घरी येताच आईने खोक्यांना हळदकुंकू लावले. लक्ष्मीपूजनाला ती लक्ष्मीच्या दोन बाजूंना मांडली गेली. भावाने हिंदी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट घातली आणि सगळ्यांना मध्यभागी एका ओळीत बसवले. स्टिरिओची एक अडचण अशी की त्याचा खरा आनंद दोन खोक्यांपासून सारख्या अंतरावर बसलेल्या माणसालाच मिळतो. आमच्या खोलीत अशी जागा एक होती, आणि तिथे आजीची खाट होती.

तरीही आम्ही थक्क झालो. व्हायोलिने डावीकडून आली, ढोलक उजवीकडून, आणि गाणारीण अगदी मधोमध भिंतीतून गाऊ लागली. शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या. अण्णा मात्र एकदा या खोक्याकडे, एकदा त्या खोक्याकडे पाहत होते. गाणे संपल्यावर ते म्हणाले, “गाणं छान आहे. पण एका गाण्याला दोन खोकी कशाला?”

कुणी काही बोलले नाही. भावाचा चेहरा उतरला. ज्यांच्या बोनसवर ही वस्तू आली, त्यांनाच तिच्यातली नवलाई ऐकू येणार नव्हती. आणि हे खरेदीच्या आधी घरातल्या कुणाच्याच, खुद्द अण्णांच्याही, लक्षात आले नव्हते. अण्णांनीच ती कोंडी फोडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वायर लांबवून घेतली आणि उजवे खोके उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवले. “मला एक पुरतं. तू आत एकटी असतेस, तुला एक,” असे ते आईला म्हणाले.

यातून जो घोटाळा झाला तो ब्लुमलाइनच्याही कल्पनेत नसेल. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे येई, पण वाद्यांची फाळणी झाली. बाहेरच्या खोलीत व्हायोलिने, आत ढोलक आणि बासरी. महिन्याभराने आई पोळ्या लाटताना एका गाण्यातला बासरीचा तुकडा गुणगुणत होती. अण्णा म्हणाले, “हे कुठलं?” “अहो, तुमच्याच आवडीचं. कडव्याच्या आधी नाही का वाजत?” “त्यात बासरी नाहीच मुळी.” “आहे.” “नाही.” दोघेही खरे बोलत होते. एकाच छपराखाली एकाच गाण्याची दोन गाणी झाली होती.

गंमत म्हणजे हे भांडण जुन्या गाण्यांवरून कधी झाले नाही. आईची पहिली आवड ‘गीतरामायण’. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांची ती छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि शेजारच्या घरी जाऊन ती ऐकत असे. ते सगळे एका ध्वनिग्राहकाचे, एकमार्गी मुद्रण, म्हणजे ‘मोनो’. अशी जुनी गाणी दोन्ही खोक्यांतून तंतोतंत सारखी येत. बाहेर जेवढे, तेवढेच आत. फाळणी झाली होती ती नव्याचीच.

शेवटी भावाने अण्णांना अँप्लिफायरवरचे एक बटण दाखवले. त्याच्याखाली ‘मोनो’ असे लिहिलेले होते. ते दाबले की डावेउजवे एकत्र होऊन सबंध गाणे दोन्ही खोक्यांत जाई. अण्णांनी ते दाबले, कान खोक्याला लावला, आणि दोन महिन्यांनी बासरी बाहेरच्या खोलीत आली. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “आहे गं बासरी.”

त्या बटणाचा मला पुढे फार विचार पडला. स्टिरिओ निर्माण करणाऱ्यांनी एकमार्गी ऐकणाऱ्याला मोडीत काढले नव्हते. ब्लुमलाइनच्या पद्धतीत तबकडीच्या खाचेची एक भिंत डाव्या आवाजाची, दुसरी उजव्याची, आणि दोन्ही पंचेचाळीस अंशांनी कललेल्या. त्यामुळे सुईच्या आडव्या थरथरीत दोन्हींची बेरीज आपोआप होते, आणि फक्त आडवी थरथर ओळखणाऱ्या यंत्रालाही, तत्त्वतः, गाणे सबंध मिळते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटचेही तसेच. तिची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद. तरी स्टिरिओ मुद्रणात एका बाजूचे डावे-उजवे पट्टे शेजारीशेजारी ठेवले गेले, म्हणजे साध्या टेपरेकॉर्डरचे हेड ते दोन्ही एकदम वाचू शके. म्हणूनच आखातातून आलेल्या भारी संचावर वाजणारी कॅसेट चहाच्या टपरीवरच्या एका खोक्यातही पुरी वाजे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आषाढीला आणि भीमजयंतीला आमच्या सबंध वस्तीत पोचत असे, तो या सोयीमुळेही. नवे येताना जुन्यासाठी दार उघडे ठेवावे, एवढा विचार कुणीतरी कागदावर आकृती काढतानाच केला होता.

तो संच पुढे पंधराएक वर्षे चालला. फिती गेल्या, चकत्या आल्या, चकत्याही गेल्या. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत आणि गाणी मोबाइलवर ऐकतात. कानात घालायच्या दोन बोंड्यांपैकी उजवीचा त्यांना उपयोग नाही, आणि डावीत पुन्हा अर्धेच गाणे. नातीने मोबाइलच्या सेटिंगमध्ये, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या सोयींच्या यादीत, ‘मोनो ऑडिओ’ शोधून चालू करून दिले. तेव्हापासून दोन्ही बोंड्यांत सबंध गाणे येते. डावी ते स्वतःच्या कानात घालतात आणि उजवी आईला देतात.