खापराने सांगितलेली नावे



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी एकदा इतिहासाच्या तासाला एक फुटके खापर माझ्या हाती देऊन विचारले होते, "हे कोणाच्या राज्यात झाले ते राहू दे. हे केले कोणी, ते सांग." मला उत्तर आले नाही. पुढे फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील एका ग्रीक भांड्याविषयी वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला.

मद्यात पाणी मिसळण्याचे हे ६६ सेंटिमीटर उंचीचे भांडे इ. स. पू. ५७०च्या सुमारास अथेन्समध्ये घडले. १८४४ साली आलेसान्द्रो फ्रान्स्वा यास ते इटलीतील क्यूसीजवळ, इट्रुस्कन थडग्यांत तुकड्यांच्या रूपाने सापडले. लोहयुक्त मातीच्या पातळ लेपाने आकृती काढावयाच्या, अणकुचीदार साधनाने बारकावे कोरावयाचे आणि भट्टीतील हवा कमीअधिक करीत भाजावयाचे. लेप काळा होतो, उरलेली माती तांबूस राहते. अशा सुमारे २७० आकृती आणि १२१ लेख या भांड्यावर आहेत. रानडुकराच्या शिकारीतील कुत्र्यांनाही नावे आहेत!

त्यावरील मुख्य पट्टीत पेलेउस व थेटिस यांच्या विवाहाला देव रथांतून निघाले आहेत. भांड्याच्या कानांवर मात्र एजॅक्स मृत अकिलीजला वाहून नेत आहे. अकिलीज हा याच दांपत्याचा पुत्र. मंगलकार्य आणि त्याच्या पोटी येणारा शोक एकाच मातीवर चितारणाऱ्यास दैवाचे मर्म कळले होते, असे मला वाटते.

९ सप्टेंबर १९०० रोजी एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात फेकलेल्या स्टुलाने त्याचे ६३८ तुकडे झाले. १९०२ साली पिएत्रो झेई यांनी ते जोडले. पूर्वी न मिळालेले तुकडे घालून १९७३ साली ते पुन्हा सांधण्यात आले.

या साऱ्यातून दोन नावे मात्र टिकली. एर्गोतिमोसने आपणास घडविले व क्लेइतियासने रंगविले, असे ते भांडे स्वतःच सांगते. अथेन्सच्या तत्कालीन सत्ताधीशाचे नाव त्यावर नाही.

गुरुजी, उत्तर देण्यास मला फार उशीर झाला. सगळ्याच खापरांवर नावे नसतात, हेही आता उमगले आहे. परंतु जेथे नाव नाही, तेथेही करणाऱ्याविषयी विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, एवढे आपण शिकविलेत. ते मी विसरलेलो नाही.