कोंडलेल्या वाऱ्याचा खेळ

केलांतान आणि तेरेंगानू ही मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची राज्यं. तिथं एखादा माणूस गप्प गप्प राहू लागला, अन्नपाण्यावरची वासना उडाली, की जुनी माणसं म्हणत, याचा 'आंगिन' कोंडलाय. आंगिन म्हणजे वारा. आपल्याकडे अंगात वारं येतं ते बाहेरून. हा मात्र जन्मापासून सोबत असतो. ज्याच्यात देवा मुडा या राजपुत्राचा आंगिन, त्याला कौतुक, अत्तर, उंची कपडे हवेत. 'हाला'वाल्याचा आंगिन वाघाचा, तो क्षणात बिथरतो. पण राजपुत्राचा वारा घेऊन जन्मलेल्याला जन्मभर भातशेतीच करावी लागली, तर तो वारा जाणार कुठं?

त्यावरचा उपचार म्हणजे 'माइन पुतेरी' हा रात्रीचा खेळ. तोक मिंदुक हा वादक रेबाब हे तंतुवाद्य वाजवतो, समोर बसलेला तोक पुतेरी हा मांत्रिक मान गरगरा घुमवत भानावेगळा होतो. हळदीचे तांदूळ, लाह्या उधळल्या जातात. पुतेरीच्या तोंडून भुतं बोलू लागली की मिंदुक त्यांची उलटतपासणी घेतो, घासाघीस करतो, चावट विनोदही करतो. जमलेलं गाव खदाखदा हसतं. शेवटी रोग्याच्या वाऱ्याचा सूर लागतो आणि तो स्वतःच उठून राजपुत्रासारखा नाचतो. कॅरोल लॅडरमन ही अमेरिकी मानवशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात तेरेंगानूत गेली, तिथं तिनं हा खेळ अभ्यासला, स्वतः त्या भानावेगळ्या अवस्थेत गेली, आणि छातीत वादळ उठल्यासारखं वाटलं असं तिनं लिहून ठेवलं.

या खेळाचं कुळ सरमिसळीचं. तळाशी 'सेमांगात' या प्राणशक्तीवरची जुनी श्रद्धा, तिच्यावर भारतातून गेलेले देव आणि मंत्र, त्यावर इस्लामचे जिन्न आणि चार महाभूतं. स्कीट या इंग्रज अभ्यासकानं 1900 मध्ये छापलेल्या मलय मंत्रांत अल्ला आणि बतारा गुरू, म्हणजे आपले शंकर, शेजारी शेजारी आहेत. देवा मुडा आला तो 'मक योंग' या नाट्यातून.

या खेळाच्या शेजारी दुसरा उपचारही आला. 1911 मध्ये इंग्रजांच्या अमलात इपोहजवळ तांजुंग रांबुतानला वेड्यांचं इस्पितळ निघालं, आणि गावाचं नावच शिवी झालं. पुढं इस्पितळाचं नाव 'बाहागिया', म्हणजे सुखी, असं ठेवलं, शिवी टिकली. बोमोहकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, गेल्यानं मुलीचं लग्न अडत नाही, इस्पितळात गेल्यानं अडू शकतं. याला नुसतं अडाणीपण म्हणणं मला पटत नाही. पण किंमत मोजावी लागते ती रोग्यालाच. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 134 मलय मनोरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आजाराचं खापर करणी-भुताखेतांवर फोडलं होतं, आणि अशांची औषधं घेण्यात हयगय जास्त होती. स्किझोफ्रेनिया रेबाबनं हटत नाही.

1990 मध्ये केलांतानात पास या इस्लामी पक्षाची सत्ता आली आणि त्या दशकात मक योंगसकट अशा खेळांवर बंदी आली. आता पुष्कळ घरं कुराणातल्या आयती म्हणून फुंकलेलं पाणी आणतात. 2019 मध्ये मक योंगला शरियतच्या अटींवर परवानगी मिळाली, पण भुतांशी घासाघीस करणारा मिंदुक त्या अटींत बसणारा नव्हे.