यॉर्कशायर टेरियर
टेरियर गटातील लहानखुरी इंग्लिश श्वानजात. वजन साधारण ३ किग्रॅ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यॉर्कशायर परगण्यात कामासाठी आलेल्या स्कॉटिश विणकरांनी बरोबर छोटी टेरियर कुत्री आणली. गिरण्यांतले उंदीर मारणे हे त्यांचे काम. त्यांच्या संकरातून ही जात घडली. हडर्सफील्ड बेन (१८६५–७१) हा नर तिचा मूळपुरुष मानतात. पुढे ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेली, तरी स्वभाव शिकाऱ्याचाच राहिला : धीट, हट्टी, जरा चाहूल लागली की भुंकणारा.

पाठीवरचे केस पोलादी निळे, तोंडावरचे व पायांवरचे तांबूस-सोनेरी; रेशमी आणि सतत वाढणारे. रत्नागिरीच्या दमट हवेत, वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पावसात ते लांब राखणे ही निव्वळ हौस. आखूड कापावेत, भिजल्यावर अंग लगेच कोरडे करावे, गोचीड रोज तपासावी. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवरील लस पावसाळ्यापूर्वी पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. रेबीजची तर द्यावीच. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्यापेक्षा छातीपट्टा बरा. दातांवर कीटण लवकर चढते. पिल्लू फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, म्हणून त्याला थोडे थोडे, वारंवार भरवावे.