नगरच्या छावणीतील अ‍ॅना

गेल्या नाताळापूर्वी धर्मग्रामातील चार माता व एक आठवीतील मुलगी यांच्यासह आम्ही सोलापूरच्या नवी पेठेत कापड खरेदीस गेलो होतो. मुलांच्या संमेलनासाठी ‘साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटावर बेतलेला एक छोटा प्रवेश बसविला होता. त्यात मारिया ही नवी शिक्षिका पडद्यांच्या कापडातून मुलांना खेळण्याचे कपडे शिवते, हे ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना आठवत असेल. फुलाफुलांचे पडद्याचे कापड हवे असे सांगताच दुकानदाराने विचारले, “खिडक्या किती?” “खिडक्या नाहीत, मुले आहेत. सात,” असे आम्ही म्हणालो. त्याने आमच्या पांढऱ्या झग्याकडे एकवार पाहिले आणि मुकाट्याने ताग्याला कात्री लावली. परतताना रिक्षात, मारियाचे काम करणाऱ्या त्या मुलीने विचारले, “फादर, ही बाई खरंच होती का?”

“होती” एवढे सांगून आम्हांला सुटता आले असते. परंतु खोडकर मुले, कडक शिस्तीचा लष्करी बाप आणि दाराशी उभी असलेली नवी शिक्षिका, हे चित्र जगाच्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यामागील खरी माणसे कोण होती हे एकदा नीट सांगावे असे वाटले. त्यांतील एका बाईचे गाव तर सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

प्रथम ऑस्ट्रियाची कथा थोडक्यात सांगतो. मारिया कुचेरा १९०५ साली जन्मली. लहानपणीच पोरकी झालेली ही मुलगी पुढे साल्झबुर्गच्या नोनबेर्ग मठात व्रतस्थ जीवनाची उमेदवार म्हणून राहिली. १९२६ साली मठाने तिला गेओर्ग फॉन ट्रॅप यांच्या घरी पाठविले ते सात मुलांना सांभाळण्यासाठी नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकविण्यासाठी. ट्रॅप हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातील पाणबुडीचे नामांकित कप्तान. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच उरला नाही, मग आरमार कोठले? त्यांची पत्नी १९२२ साली लोहितज्वराने वारली होती. मुलांना हाक मारण्यासाठी ते जहाजावरची शिट्टी वापरीत, हे खरे. प्रत्येक मुलाची खूण निराळी, हेही खरे. मात्र ते चित्रपटात दिसतात तसे संगीतद्वेष्टे व पाषाणहृदयी नव्हते. घरात गाणे मारिया येण्यापूर्वीच होते, आणि पित्याचे ते चित्रण पाहून मुलांना फार वाईट वाटले. १९२७ मध्ये मारिया व गेओर्ग विवाहबद्ध झाले. १९३८ साली हे कुटुंब देश सोडून गेले ते डोंगर ओलांडून नव्हे, तर सरळ आगगाडीत बसून इटलीला. त्यांच्या गायनाला वळण लावणारे फादर फ्रान्झ वास्नर हे धर्मगुरू त्यांच्याबरोबर गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्यासोबत देशोदेशी फिरले. चित्रपटात फादर कोठेच नाहीत! त्यांच्या जागी एक विनोदी गृहस्थ आणून बसविला आहे. एका धर्मगुरूला याचे थोडे वैषम्य वाटणारच.

ही कथा १९५९ साली रंगभूमीवर आणणारे रॉजर्स व हॅमरस्टीन हे दोघे अमेरिकन कलावंत. आठच वर्षे आधी, १९५१ साली, त्यांनी अशीच दुसरी एक शिक्षिका रंगभूमीवर आणली होती. त्या नाटकाचे नाव ‘द किंग अँड आय’. त्यात कप्तानाच्या जागी सयामचा राजा, सात मुलांच्या जागी राजवाडाभर राजपुत्र व राजकन्या, आणि त्यांच्यापुढे झग्याचा घेर सावरीत उभी असलेली इंग्रज बाई, अ‍ॅना लिओनोवेन्स. ही बाई मूळची वेल्समधील कार्नार्व्हन गावची, एका कॅप्टनची कन्या आणि एका मेजरची विधवा, असे जग मानीत होते. तिनेच तसे सांगितले होते.

वस्तुतः अ‍ॅना जन्मली आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नोव्हेंबर १८३१ मध्ये. मोहोळ, टेंभुर्णी, करमाळा करीत एस.टी. आजही जेथे जाते, त्याच नगरला. तिचे वडील टॉमस एडवर्ड्स मूळचे इंग्लंडमधील सुतारकाम करणारे कारागीर. मुंबई इलाख्याच्या फौजेत सुरुंग, खंदक व पूल बांधणाऱ्या सॅपर्स पलटणीत ते सार्जंट होते. १८२९ साली त्यांचा विवाह ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मेरी अ‍ॅन ग्लॅस्कॉट हिच्याशी झाला. अ‍ॅनाचा जन्म होण्यापूर्वीच काही महिने ते वारले. पदरी दोन लहानग्या मुली असलेल्या त्या तरुण विधवेने पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश कॅथलिक कॉर्पोरलशी दुसरा विवाह केला.

त्या काळच्या छावणीत सामान्य सैनिकाच्या कुटुंबाला स्वतंत्र घर क्वचितच मिळे. बराकीच्या एका कोपऱ्यात कांबळे किंवा चादर टांगली की झाले बिऱ्हाड! पलीकडे इतर शिपायांची दारू, शिव्या, पत्ते. अलीकडे बाळंतपण, स्वयंपाक आणि मुलांची झोप. बिगुलावर उठायचे, बिगुलावर निजायचे. विधवेने सहा-आठ महिन्यांत पुन्हा लग्न केले तर कोणी नावे ठेवीत नसे, कारण लग्न न केल्यास तिला तो कोपराही सोडावा लागे. खोडकर मुले आणि कडक शिपाईबाप यांचे घर अ‍ॅनाने शिक्षिका म्हणून पुढे पाहिले असेल, परंतु त्याआधी ती स्वतः तसल्या घरातील मूल होती. छावणीच्या बाजारातील मराठी व हिंदुस्थानी तिच्या कानांवर पडली असणार. पुढे भाषा शिकण्यात ती तरबेज निघाली याचे आम्हांला नवल वाटत नाही.

तिचे शिक्षण भायखळ्याला, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेत झाले. १८१५ साली आर्चडीकन बार्न्स यांनी स्थापिलेल्या या संस्थेनेच पुढे १९२५ मध्ये देवळालीची बार्न्स शाळा काढली. भायखळ्याच्या शाळेत, ज्यांचे सैनिक बाप मृत वा बेपत्ता आहेत अशा मिश्र रक्ताच्या मुलांनाही घेत. ‘मिश्र रक्ताच्या’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. अ‍ॅनाचे आजोबा विल्यम ग्लॅस्कॉट हे कंपनीच्या देशी पायदळातील इंग्रज अधिकारी होते. आजी मात्र बहुधा हिंदी किंवा अर्धहिंदी असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आजोबांची पलटण व हुद्दा कागदोपत्री सापडतो. आजीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

१८४९ च्या नाताळच्या सुमारास पुण्यात अ‍ॅनाचा विवाह टॉमस लिऑन ओवेन्स या आयरिश कारकुनाशी झाला. सावत्र वडिलांनी या विवाहाला कडाडून विरोध केला, असे अ‍ॅनाबाई पुढे सांगत. विवाहाच्या कागदावर मात्र त्या सावत्र वडिलांची सही आहे! नंतर हे जोडपे सिंगापूर, ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि पेनांग असे फिरत राहिले. चार अपत्यांपैकी दोन बालपणीच गेली. १८५९ मध्ये टॉमस पेनांगला वारले, तेव्हा ते खाणावळवजा हॉटेल चालवीत होते. सिंगापुरात अ‍ॅनाबाईंनी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तेथेच बहुधा त्यांनी आपला पूर्वेतिहास नव्याने लिहिला. सार्जंट बाप कॅप्टन झाला, कारकून नवरा मेजर झाला, जन्मवर्ष १८३४ झाले आणि नगरचे कार्नार्व्हन झाले. बहिणीशी त्यांनी संबंध तोडला. त्या बहिणीचा नातू म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटातील राक्षसाची भूमिका करणारा नट बोरिस कार्लोफ; त्यानेही आपले खरे नाव, विल्यम प्रॅट, बाजूला ठेवले होते.

१८६२ साली अ‍ॅनाबाई मुलगा लुई याला घेऊन बँकॉकला पोहोचल्या. राजा मोंगकुट हा नाटकात पाय आपटणारा, हट्टी, अर्धवट रानटी पुरुष दाखविला आहे. खरा मोंगकुट सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू म्हणून राहिलेला पंडित होता. कॅथलिक धर्माधिकारी पालेग्वा यांच्याकडून तो लॅटिन शिकला आणि त्यांना त्याने पाली शिकविली. अशा शेजाराची गोष्ट नाटकात यायला हवी होती. त्याला एकूण ८२ अपत्ये झाली. पूर्वी राजवाड्यात शिकविणाऱ्या मिशनरी स्त्रियांचा भर धर्मप्रसारावर असे, म्हणून त्याने अ‍ॅनाबाईंना पत्रातच बजावले होते की इंग्रजी, शास्त्रे व साहित्य शिकवावे, धर्मांतराच्या भानगडीत पडू नये. या अटीत आम्हांला काही वावगे दिसत नाही; पालकाने शिक्षकाला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. वर्गात पुढे आठ-नऊ वर्षांचा राजपुत्र चुलालाँगकोर्न बसे. राहण्यासाठी राजवाड्याच्या भिंतींबाहेर घर हवे म्हणून अ‍ॅनाबाईंनी राजाशी दीर्घकाळ वाद घातला. कांबळ्याच्या आडोशाला वाढलेल्या स्त्रीला चार भिंतींचे आपले घर किती मोलाचे वाटत असेल!

पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, त्या सयाममधून निघाल्या. पुढल्याच वर्षी १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण लागले. त्याची सावली आपल्याकडे विजयदुर्ग, जमखंडी, गुंटूर अशी सरकत गेली. जमखंडी म्हणजे सोलापूरकरांना परकी नव्हे, विजापूरच्या पलीकडे. तेथे हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी दुर्बीण लावून बसले होते. त्याच सावलीचे गणित स्वतः मांडून राजा मोंगकुट सयामच्या किनाऱ्यावर ती पाहण्यास गेला. गणित अचूक ठरले, पण तेथे हिवताप जडून ऑक्टोबरात तो मरण पावला. पंधरा वर्षांचा चुलालाँगकोर्न गादीवर आला. १८७२ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन मुंबईही पाहून गेला. गुलामगिरी त्याने टप्प्याटप्प्याने बंद केली. सुधारणांचे श्रेय मात्र नाटक शिक्षिकेला देते. थायलंडच्या लोकांना ते रुचत नाही आणि चित्रपटावर तेथे बंदी आहे, यात आश्चर्य नाही.

अ‍ॅनाबाईंचे पुस्तक १८७० साली आले. राजवाड्याखालील भुयारी कोठड्यांची त्यांची वर्णने पाणथळ बँकॉकच्या जाणकारांना पटत नाहीत. १८८४ साली त्यांनी हिंदुस्थानच्या प्रवासावर पुस्तक लिहिले. त्यात मुंबई बंदर पाहणारी तरुणी जणू प्रथमच विलायतेहून उतरते आहे. जन्मभूमीचे वर्णन पाहुणीच्या नजरेने करायचे आणि एकदाही चुकायचे नाही, हे किती कष्टाचे काम! १९१५ मध्ये मॉन्ट्रियल येथे त्या वारल्या, तोवर कोणालाही संशय आला नाही.

उलगडा केला तो ब्रिस्टो नावाच्या इंग्रज गृहस्थांनी. ते कोळ्यांचे तज्ज्ञ. मासे धरणाऱ्या नव्हे, जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे! अ‍ॅनाबाईंच्या मुलाचे चरित्र लिहिताना त्यांना वेल्समध्ये काहीच सापडेना. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला त्या काळी लंडनला पाठविल्या जात. त्यांत नगर, ठाणे, पुणे सारे निघाले. १९७६ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

अ‍ॅनाबाई खोटे बोलल्या, हे आम्ही झाकीत नाही. परंतु १८६० च्या सुमारास आजी ‘नेटिव्ह’ आहे असे कळले असते, तर त्यांना ना शाळा चालविता आली असती, ना मुलांची चांगली सोय लावता आली असती. हे खोटे त्यांनी मुलांसाठी उचलले. दोष द्यायचा तर ज्या समाजात आजीचे नाव सांगणे परवडत नाही, त्या समाजालाही त्यातला वाटा द्यावा लागेल. आणि तो समाज केवळ इंग्रजांचाच होता, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. कोणत्या वाड्यातून, कोणत्या वस्तीतून आपले पूर्वज चर्चच्या दारी आले, हे किती घरांत मुलांना सांगितले जाते?

दोन वर्षांपूर्वी परदेशी निघालेला एक तरुण आमच्याकडे आला होता. आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा, पण त्यातील मूळ गाव व पणजीचे जुने नाव वगळता येईल का, अशी त्याची पृच्छा होती. आम्ही वहीत होते तसे उतरवून दिले. तो काहीसा नाराज होऊन गेला. पंधरवड्याने त्याचा फोन आला. पणजीच्या आईचेही नाव कोठे मिळेल का, असे तो विचारीत होता. त्याआधीच्या वहीची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत. उरलेली आम्ही सवडीने वाचीत आहोत.