हे गहाण नक्की कोणाचं?

मंडळी, मागच्या खेपेला आपण १९२९ च्या मंदीपाशी थांबलो होतो. आज एक लांब उडी मारून २००७-०८ कडे जाऊ. सुरुवात मात्र न्यूयॉर्कच्या शेअर बाजारापासून नको. अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे, तिथल्या एका कोर्टापासून करू.

३१ ऑक्टोबर २००७. न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉयको यांच्यापुढे घरजप्तीचे १४ दावे होते. दावे लावले होते डॉइश बँकेच्या एका ट्रस्ट कंपनीने. कर्जदारांचे हप्ते थकलेत, तेव्हा तारण ठेवलेली घरं आमच्या ताब्यात द्या, एवढंच तिचं म्हणणं. न्यायाधीशांनी मागितलं तेही साधंच होतं : दावा लावला त्या दिवशी हे गहाण तुमच्या मालकीचं होतं, याचा कागद दाखवा. तो कागद दाखवता आला नाही. १४ च्या १४ दावे काढून टाकण्यात आले.

आता बघा, कोणाची जमीन आपल्याकडे गहाण आहे हे गावातल्या सावकारालाही तोंडपाठ असतं. मग जगातल्या एवढ्या बड्या बँकेला ते का सिद्ध करता येऊ नये? याचं उत्तर शोधायला लागलं की २००८ चं संकट बरंचसं उलगडतं.

जुन्या पद्धतीत बँक कर्ज द्यायची आणि ते तीस-तीस वर्षं स्वतःकडेच ठेवायची. कर्ज बुडालं तर आपलंच बुडणार, म्हणून माणूस पारखून घ्यायची. १९७० मध्ये ‘जिनी मे’ या सरकारी संस्थेच्या हमीने एक नवी वाट निघाली. अनेक गृहकर्जांची मोट बांधायची आणि त्यांच्या हप्त्यांवर हक्क सांगणारे रोखे गुंतवणूकदारांना विकायचे. हेतू वाईट नव्हता. बँकेचा पैसा लगेच मोकळा होई आणि नव्या माणसाला कर्ज मिळे. १९८३ मध्ये ‘फ्रेडी मॅक’ने या रोख्यांचे थर पाडले, आणि खरी गुंतागुंत तिथून पुढे वाढत गेली.

थर म्हणजे काय, ते कालव्याच्या पाण्यावरून समजून घेऊ. हजारो घरांचे हप्ते हे पाणी. पाण्याचा पहिला मान वरच्या शेतकऱ्याचा, मग मधल्याचा, उरलं तर शेपटाकडच्याचा. पाणी थोडं कमी पडलं तर आधी शेपूट कोरडं पडतं, वरच्याला झळ लागत नाही. म्हणून वरच्या थराला ‘ट्रिपल ए’, म्हणजे सर्वांत सुरक्षित, असा दर्जा मिळायचा. इथवर हिशेब ठीक होता. पण खालच्या थरांना गिऱ्हाईक कमी. मग काय केलं? शंभर कालव्यांचे खालचे वाटे एकत्र केले, त्यांचा नवा कालवा बनवला आणि त्याच्याही वरच्या भागावर ‘ट्रिपल ए’चा शिक्का मारला. या दुसऱ्या मोटेचं नाव सीडीओ. यामागचं गृहीत असं, की सगळे कालवे एकाच वर्षी आटणार नाहीत. पण सगळ्या कालव्यांवर पाऊस एकच असला तर? इथे तो पाऊस म्हणजे घरांच्या चढत्या किमती.

२००३ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर १ टक्क्यावर होता. पैसा स्वस्त, आणि रोख्यांना जगभरातून मागणी. दलालाला कमिशन कर्ज दिल्याबरोबर मिळे. ते फिटो न फिटो, त्याला सोयरसुतक नव्हतं. उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जं दिली गेली. पहिली दोन वर्षं हप्ता लहान आणि नंतर एकदम मोठा, अशीही कर्जं खपवली गेली. शिक्का मारणाऱ्या पतमापन संस्थांना फी मिळे, तीही रोखे बनवणाऱ्यांकडूनच! अमेरिकी चौकशी आयोगाचा २०११ चा अहवाल सांगतो, की २००० ते २००७ या काळात एकट्या ‘मूडीज’ने गृहकर्जांवरच्या जवळजवळ ४५,००० रोख्यांना ‘ट्रिपल ए’ दिला. त्यातल्या २००६ सालच्या रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे खाली आणावा लागला.

२००६ पर्यंत व्याजदर ५.२५ टक्क्यांवर गेला होता आणि घरांच्या किमती उतरू लागल्या. ज्यांना वाढीव हप्ता झेपत नव्हता, त्यांना आता घर विकूनही कर्ज फेडता येईना. सगळे कालवे एकदमच आटले.

९ ऑगस्ट २००७ ला फ्रान्सच्या ‘बीएनपी पारिबा’ बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणं थांबवलं. कारण? आत असलेल्या अमेरिकी रोख्यांची किंमतच ठरवता येत नव्हती. ही गोष्ट आपण कोर्टातल्या प्रसंगाशेजारी ठेवून बघू. तारण कोणाचं, आणि त्याची किंमत किती? सावकारीतले हे दोन पहिले प्रश्न, आणि दोन्हींना उत्तर नव्हतं.

बुडीत कर्जं काही सगळ्या जगाला बुडवण्याएवढी नव्हती. ती कोणाच्या तिजोरीत आहेत हे कळत नव्हतं, घात तिथे झाला. दहा लाडवांतला एक विषारी आहे आणि तो कोणता हे माहीत नाही, अशा वेळी आपण दहाही लाडू बाजूला सारतो. बँकांनी एकमेकींच्या बाबतीत तेच केलं. ‘लेहमन ब्रदर्स’ स्वतःच्या भांडवलाच्या सुमारे तीसपट मालमत्ता बाळगून होती, आणि ती बरीचशी रोज फिरवाव्या लागणाऱ्या उधारीवर. उधारी थांबली आणि १५ सप्टेंबर २००८ ला १५८ वर्षांची ही पेढी दिवाळखोरीत गेली. दुसऱ्याच दिवशी, अशा रोख्यांचा जणू विमाच उतरवणाऱ्या ‘एआयजी’ कंपनीला वाचवायला अमेरिकी मध्यवर्ती बँकेकडून ८५ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर झालं.

आपल्या बँकांकडे असे रोखे फारसे नव्हते. कर्जांची मोट विकून लगेच नफा दाखवायला रिझर्व्ह बँकेने २००६ मध्येच मज्जाव केला होता. तरी परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला आणि जानेवारी २००८ मध्ये २०,००० च्या वर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला. ज्यांनी क्लीव्हलँडचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्या बचतीला तिथल्या थकलेल्या हप्त्यांची झळ लागली.

पुन्हा त्या कोर्टात जाऊ. दावे फेटाळले, म्हणजे घरं वाचली असं नव्हे. कागद नीट करून पुन्हा दावा लावायची मुभा बँकेला होतीच. ‘कर्ज झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?’ असं कर्जदारांना पुष्कळदा ऐकवलं जातं. प्रश्न अगदीच चूक नाही, पण तो अर्धा आहे. झेपणार नाही हे ज्याला दिसत होतं, त्याने दिलं कशाला? कारण बुडण्याची भीती त्याने केव्हाच पुढच्याला विकली होती. विकलेली जोखीम नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी दारात उभी असते, फक्त दार कोणतं ते आपल्याला ठाऊक नसतं.